मदत हवी आहे: थॅडियस स्टीव्हन्सच्या कबरीवरचा मजकूर मराठीत आणताना दोन शब्दांवर अडलोय

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी थॅडियस स्टीव्हन्सवर लेख लिहितोय. लेख झालाय, शेवट अडलाय.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: हे अमेरिकेतले वकील आणि राजकारणी. जन्म १७९२, व्हरमाँट राज्यात. एक पाय जन्मापासून अधू. पेनसिल्व्हेनियात आधी गेटिसबर्गला, मग लँकेस्टरला वकिली. १८३५ मध्ये तिथल्या विधिमंडळात मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायला निघाला होता. तो वाचवण्यात यांच्या भाषणाचा मोठा वाटा. पुढे अमेरिकी प्रतिनिधिगृहात तेराव्या (गुलामगिरी संपवणाऱ्या) आणि चौदाव्या (नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या) घटनादुरुस्तीसाठी झगडले.

मला मात्र १८२१ चा खटला सोडत नाही. मालकासोबत येऊन पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिलेला गुलाम तिथल्या कायद्याने मुक्त होई. चॅरिटी बटलरचे दिवस एकूण तेवढे भरत होते, पण सलग नव्हते. याच मुद्द्यावर स्टीव्हन्सनी मालकाच्या बाजूने खटला जिंकला आणि ती बाई गुलामच राहिली. नंतर हाच माणूस पळून आलेल्या गुलामांची वकीलपत्रं घेऊ लागला. हा खटला मी लेखात ठेवलाय. तो गाळला तर पुढचं सगळं खोटं वाटेल.

११ ऑगस्ट १८६८ ला ते गेले. लँकेस्टरमधल्या ज्या छोट्या दफनभूमीत काळ्या माणसांना मनाई नव्हती, तीच त्यांनी निवडली होती. दगडावरचे शब्द त्यांचेच. माझा कच्चा अनुवाद:

‘या शांत, आडबाजूच्या जागी मी विसावलोय तो एकांताच्या ओढीने नव्हे. इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट दिसली, म्हणून ही निवडली. जन्मभर जे तत्त्व मांडलं, ते मरणातही दाखवता यावं: निर्मिकापुढे माणसं समान.’

पहिली अडचण ‘वंश’. शब्दकोशात बरोबर आहे, पण वाचताना घराणं, वंशावळ डोळ्यापुढे येते. ‘वर्ण’ लिहिलं तर चातुर्वर्ण्य आठवतं. ‘जात’ आपल्याकडे थेट काळजाला भिडेल, पण ते त्यांच्या तोंडी घालणं मला पटत नाही.

दुसरी ‘निर्मिक’. हा जोतीराव फुल्यांचा शब्द. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांनाच, त्यामुळे शब्द परका वाटत नाही. ‘परमेश्वर’मध्ये घडवणाऱ्याचा अर्थ येत नाही आणि तोच इथे हवाय. तरी फुल्यांची भाषा स्टीव्हन्सच्या कबरीवर कोरणं योग्य होईल का?

अनुवाद करणाऱ्यांनी, फुले वाचलेल्यांनी कृपया सांगा. शुक्रवारी भित्तिपत्रक लागतंय.