गर्दीच्या दिवशी सोमसूत्र झाकून पूर्ण प्रदक्षिणा घालू द्यावी का?

नौपाडेकर
ठाणे-नवी मुंबईतल्या शिवमंदिरांना महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी एकच दुखणं असतं. शंकराची प्रदक्षिणा अर्धी. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या प्रणालापर्यंत, म्हणजे सोमसूत्रापर्यंत जायचं, ते न ओलांडता उलट फिरायचं आणि प्रणालाच्या दुसऱ्या बाजूपर्यंत येऊन परत नंदीपाशी यायचं. एरवी ठीक आहे. पण साडेतीन-चार फुटांच्या प्रदक्षिणामार्गात जाणारे आणि येणारे समोरासमोर येतात, आणि सगळ्यात जास्त कोंडी नेमकी प्रणालापाशी होते, जिथे फरशी दुधा-पाण्याने निसरडी झालेली असते.
माझं मत: अशा दिवशी सोमसूत्र फळी टाकून झाकावं आणि एकेरी, पूर्ण फेरी ठेवावी. शास्त्रात त्याला वाट आहे. गवत, पानं, लाकूड किंवा दगड यांनी सोमसूत्र झाकलं असेल तर ते ओलांडायला हरकत नाही, असं वचन आहे. मग अडतंय कुठे?

गुरवआळी
वचन आहे, पण ते अडल्यानडल्याला. तुम्ही अपवादाचाच नियम करताय.
प्रदक्षिणेचा क्रम नुसता 'अर्धी फेरी' एवढा नाही. प्रदोषाच्या प्रदक्षिणेचा श्लोक आहे: 'वृषं चण्डं वृषं चैव सोमसूत्रं पुनर्वृषम्। चण्डं च सोमसूत्रं च पुनश्चण्डं पुनर्वृषम्॥' नंदीपासून चंड (शंकराचा एक गण), परत नंदी, मग सोमसूत्र, पुन्हा नंदी, असं ते जाणं-येणं आहे. आपल्याकडे बऱ्याच देवळांत चंडाची मूर्ती नसते म्हणून लोक नंदी आणि सोमसूत्र एवढंच धरतात. यातलं वळणंच काढून टाकलंत तर उरतो तो फेरफटका.
आणि पुष्पदंताची कथा विसरू नका. गंधर्व होता, अदृश्य होऊन राजाच्या बागेतली फुलं चोरायचा. राजाने वाटेत शिवनिर्माल्य पसरलं, त्याचा पाय पडला आणि अदृश्य व्हायची शक्ती गेली. त्यानंतर त्याने शिवमहिम्न रचलं. प्रणालातून वाहतं ते निर्माल्याचंच पाणी.

नौपाडेकर
गुरवकाका, हीच कथा माझ्या बाजूने आहे. पुष्पदंताने सोमसूत्र ओलांडलं नव्हतं, निर्माल्य तुडवलं होतं. दुहेरी रांगेत धक्काबुक्की झाली की हातातला बेल खाली पडतो आणि पुढची दोनशे माणसं त्यावरून चालत जातात. झाकलेल्या सोमसूत्रावरून जाण्यापेक्षा हे वाईट नाही का?

पाट_आणि_उतार
शास्त्र तुमचं तुम्ही ठरवा, फळीचं मी सांगतो. ती दिसते तेवढी सोपी नाही.
लोखंडी चेकर्ड प्लेट टाकू नका. अनवाणी पायाला टोचते, आणि उघड्या प्रांगणात दुपारी बारानंतर तिच्यावर पाय ठेववत नाही. गुळगुळीत स्टीलवर दूध सांडलं की माणूस घसरलाच. जाड लाकडी फळी, वर काथ्याची चटई, आणि दोन्ही टोकांना उतरती पाचर. पाचर नसेल तर दीड इंचाच्या उंचवट्याला म्हातारी माणसं अडखळतात. चटया दोन ठेवा आणि तासाभराने बदला, ओली चटई जड होऊन सरकते.
दुसरं, प्रणालाचा पाट झाकला की तो तुंबलेला कळत नाही. उघड्या प्रणालात बेल अडकला तर कोणीतरी बोटाने काढतो. झाकल्यावर पाणी थेट गाभाऱ्यात चढतं तेव्हाच समजतं. माघातल्या थंड पहाटे पंचामृतातलं तूप दगडाला थिजून बसतं, त्यावर पाकळ्या चिकटतात आणि दोन तासांत बूच तयार होतं. साध्या पाण्याला शंभराला एक उतार पुरतो, या मिश्रणाला साठाला एक तरी हवा. जुन्या देवळात फरशीवर फरशी चढवून मूळ उतार मारलेला असतो, तिथे आधी पाणी ओतून बघा, मग फळीचं बोला.

खारघरवाली
वरच्या प्रतिसादात श्रावण राहिला. नव्या लग्नाच्या मुली पाच वर्षं शिवामूठ वाहतात: पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मूग, जवस, आणि पाचवा सोमवार आलाच तर सातू (२०२४ ला पाच आले होते, २०२५ ला चारच). प्रत्येक धान्याचा त्रास निराळा. तांदूळ आणि मूग जाळीत अडकतात, पण निदान दिसतात. तीळ जाळीतून निसटून पुढे चेंबरमध्ये थर करतात. सगळ्यात वाईट जवस. भिजला की बुळबुळीत चिकट होतो, पाटही धरतो आणि फरशीही. चौथ्या सोमवारी मार्ग सर्वात निसरडा असतो तो पावसामुळे नाही, जवसामुळे.
उपाय सोपा आहे. मूठ पिंडीवर न टाकता शेजारच्या ताम्हनात वाहायला लावा, अभिषेक चालू असताना तर नक्कीच. धान्य कोरडं राहतं आणि नंतर शिजवून वाटता येतं. पण हे रांगेच्या सुरुवातीलाच सांगायला माणूस हवा. गाभाऱ्यात पाटी लावून उपयोग नाही, मूठ तोवर सुटलेली असते.
प्रदक्षिणेबद्दल म्हणाल तर मी गुरवआळींच्या बाजूची. पण गर्दीत सगळ्यांनी प्रदक्षिणा घालायलाच हवी असं कुठे आहे? नंदीपाशी नमस्कार करा, बाजूच्या दाराने बाहेर पडा.

नौपाडेकर
बाजूचं दार असेल तर ना ताई! नवी मुंबईच्या नव्या नोडमधल्या (वसाहतींमधल्या) अर्ध्या देवळांना एकच दार आहे. शिवाय तिथे प्रणाल फरशीखालच्या पाइपात गेलेला. ओलांडायला काही दिसतच नाही, तरी लोक अंदाजाने वळतात आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा. निम्मी कोंडी त्यातूनच होते.

गुरवआळी
पाइप जमिनीखाली गेला म्हणून दिशा जात नाही. देऊळ पूर्वाभिमुख असो की पश्चिमाभिमुख, प्रणाल उत्तरेला. दक्षिणोत्तर असेल तर पूर्वेला. फरशीवर एक काळ्या दगडाची पट्टी बसवा, सगळे एकाच जागी वळतील. हे बांधतानाच करायचं काम, पण ठेकेदाराला टाइल्सचं डिझाइन जुळवायचं असतं!

शके९८२
यात दिशेचा मुद्दा नीट पाहायला हवा, कारण कोंडी कुठे होणार ते त्यावर ठरतं. पूर्वाभिमुख देवळात नंदीपासून दक्षिण, पश्चिम, मग उत्तर, अशी पाऊण फेरी झाल्यावर प्रणाल येतो. तोवर माणसं विरळ होतात. पश्चिमाभिमुख देवळात पाव फेरीतच प्रणाल, म्हणजे वळणारे थेट दारातल्या गर्दीवर येऊन आदळतात. एकच नियम दोन्हींना लावू नका.
अंबरनाथचं शिवालय पश्चिमाभिमुख आहे, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं. पण तिथे देवळाभोवती मोकळी जागा आहे, दोरी लावून जाणारे-येणारे वेगळे करता येतात. गाभाराही पायऱ्या उतरून खाली आहे, त्यामुळे खरी कोंडी पायऱ्यांवर, प्रदक्षिणेत नाही. ठाण्यात कौपीनेश्वराचं देऊळ १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभं केलं. त्या काळच्या बांधणीत प्रांगण धरलेलं असे. आज तळमजल्याच्या गाळ्याएवढ्या जागेत देऊळ बसवतात आणि मग शास्त्राला दोष देतात.
फळीला माझा विरोध. बाहेरच्या बाजूने जाणे, आतल्या बाजूने येणे, मध्ये कमरेएवढी दोरी, यासाठी चार फूट पुरतात. पण वळणापाशी सहा फूट लागतात. ते नसतील तर प्रदक्षिणा त्या दिवशी बंद.

पाट_आणि_उतार
दोरी चालेल, पण खांब पायात येणार नाहीत असे हवेत. भिंतीतल्या कड्यांना बांधलेली उत्तम. आणि पाण्याचं प्रमाण आटोक्यात आणल्याशिवाय दोरी, फळी दोन्ही फुकट. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या खटल्यात २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने भक्तामागे अर्धा लिटर पाण्याची मर्यादा मान्य केली होती. तीच धरली तरी दोन हजार माणसांचं हजार लिटर होतं. आपल्याकडे लोक दोन-दोन लिटरच्या बाटल्या ओततात. देवळानेच पळीभर पाण्याचा तांब्या द्यावा, बाटल्या बाहेर.

नौपाडेकर
तांब्या मान्य, दोरी मान्य. पण 'प्रदक्षिणा बंद' म्हटलंत तर पहाटे चारला आलेली माणसं ऐकणार नाहीत, दोरीखालून घुसतील. मी म्हणतो प्रदक्षिणामार्ग पाच फुटांहून अरुंद असेल तिथेच फळी, एरवी दोरी.

गुरवआळी
अरुंद तिथेही मला पटत नाही. एकदा फळी पडली की ती उचलायला दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही.