मदत हवी आहे: फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाला ‘किती ओढायचे?’ असे विचारणाऱ्यांना काय सांगावे?

वेलदोडा
नमस्कार. रविवारपूर्वी उत्तर हवे असल्यामुळे थोडक्यात लिहिते. बाबांना फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आहे आणि समाचाराला येणारा प्रत्येक माणूस टेकायच्या आधीच विचारतो, ‘किती ओढायचे?’ आकडा कानावर पडला की त्यांची मान हलते, चेहऱ्यावरची काळजी ओसरते आणि चहा घेऊन ते निघून जातात. रविवारी दोन्ही आत्या आणि मुंबईचे काका येणार आहेत. त्यांना न दुखावता, पण तो प्रश्न पुन्हा निघणार नाही अशा रीतीने काय सांगावे? आईचे म्हणणे असे की छातीत पाणी झाले आहे एवढेच सांगून मोकळे व्हावे. ते योग्य होईल का? कृपया मुद्द्याचे सांगावे. गोमूत्र, प्राणायाम आणि सकारात्मक विचार यांविषयी पुरेसे ऐकून झाले आहे.

उलटतपासणी
माहिती अपुरी आहे. वडिलांचे वय किती, आजार कोणत्या टप्प्यावर आहे, उपचार सुरू झाले आहेत का, आणि मुख्य म्हणजे रोगाचे नाव त्यांना स्वतःला सांगितले आहे का? आपल्याकडे भावकीला सगळे ठाऊक असते आणि रुग्ण तेवढा अंधारात असतो. तसे असेल तर पाहुण्यांना काय सांगावे हा प्रश्न दुय्यम ठरतो. ते अजूनही ओढतात का, हेही लिहावे.

सह्यकडा
मी स्पष्टच लिहितो. नातेवाईक विचारतात त्यात गैर काय आहे? वडिलांना दुर्दैवाने गाठले आणि वडिलांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतले, या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो बोलून दाखवला म्हणून कोणी निर्दयी होत नाही. माझ्या मावशीने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, तरी तिला हाच आजार झाला. तिच्याविषयी जे वाटले तेच चाळीस वर्षे ओढणाऱ्याविषयी वाटावे, अशी सक्ती मनावर करता येत नाही. काकांना खरे तेच सांगावे. घरातली तरुण मुले ऐकून शहाणी तरी होतील.

हिशेबी
ताई, सर्वांत आधी विम्याचे पाहा. प्रस्ताव अर्जात धूम्रपानाच्या रकान्यात काय लिहिले होते, ते तपासा. ओढत असून ‘नाही’ लिहिले असेल तर कंपनी माहिती दडवल्याचे कारण पुढे करते. मात्र केवळ व्यसन होते म्हणून दावा फेटाळणे नेहमी टिकत नाही. अहमदाबादच्या ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये अशाच एका प्रकरणात, हा कर्करोग न ओढणाऱ्यांनाही होतो असे नमूद करून रुग्णाच्या पत्नीच्या बाजूने निकाल दिला होता. पॉलिसी कोणत्या वर्षी घेतली ते कळवा.

वेलदोडा
विमा नाही. बाबा ६७ वर्षांचे आहेत. इचलकरंजीत मागावर जॉबर होते, बहुतेक रात्रपाळी. मिरजेला उपचार सुरू असून केमोथेरपीच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत. आजार चौथ्या टप्प्यावर आहे. त्यांना सर्व माहीत आहे. ते स्वतः कागद वाचतात. सिगारेट नव्हे, बिडी. सतराव्या वर्षापासून, दिवसाला एक बंडल, कधी जास्त. आता बंद आहे असे ते म्हणतात, पण संध्याकाळी न्हाणीघराच्या मागे जाऊन येतात आणि आल्यावर बडीशेप चघळतात.

सह्यकडा, घरातल्या तरुणांचे शिक्षण व्हावे म्हणून बाबांनी पलंगावर बसून धडा व्हावे, ही अपेक्षा मला मान्य नाही.

सुधामती
मी याच आजाराची रुग्ण आहे आणि मी कधीही ओढलेले नाही. तोच प्रश्न मलाही विचारला जातो. सुरुवातीला मी घाईघाईने सांगत असे, ‘छे हो, कधीच नाही, घरातही कोणी ओढत नाही.’ त्यासरशी समोरच्याचा सूर बदलत असे. ‘अरेरे, तुमच्यासारखीला कसे झाले!’ असे म्हणून माणसे हात हातात घेत, फळे आणत. पुढे केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक रिक्षाचालक होते. माझा हा संवाद त्यांच्या देखत झाला आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. तेव्हापासून मी ते वाक्य उच्चारणे सोडून दिले आहे, कारण त्यात मला मिळणारी माया त्यांच्या वाट्यातून काढून घेतलेली असते. कोणी विचारलेच तर ‘डॉक्टरांना सगळे सांगितले आहे’ एवढेच म्हणते. तुम्हीही हेच म्हणावे. त्यात खोटे काही नाही आणि पुढे बोलायला जागाही राहत नाही.

सह्यकडांच्या मावशींना आमच्या वतीने असा दाखला म्हणून वापरू नये, ही विनंती.

सह्यकडा
मावशी माझी आहे. तिचा दाखला मी द्यावा की नाही हे मीच ठरवेन. शिवाय पाकिटावर इशारा असतो, तो वाचूनही माणूस ओढतो, तर जबाबदारी दुसऱ्या कोणाची?

छातीतज्ज्ञ
मी वीस वर्षांहून अधिक काळ छातीच्या विकारांचे रुग्ण पाहत आहे. काही गोष्टी नोंदवतो.

इशाऱ्याविषयी. आपल्याकडे पाकिटावर वैधानिक इशारा छापण्याची सक्ती १९७५ च्या कायद्याने झाली, पण तो कायदा सिगारेटपुरता होता. बिडी त्यात नव्हतीच. सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू होणारा कायदा २००३ मध्ये आला आणि पाकिटावरची चित्रे ३१ मे २००९ पासून दिसू लागली. वेलदोडा यांच्या वडिलांनी सतराव्या वर्षी बिडी धरली असेल तर ते साल १९७५ च्या आसपासचे असणार. म्हणजे त्यांच्या बंडलावर चित्र येईपर्यंत त्यांची तीसहून अधिक वर्षे ओढण्यात गेली होती. निकोटिनची सवय जडल्यावर इशारा वाचता येणे आणि सोडता येणे यांत किती अंतर असते, हे आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसते. ब्रिटनमध्ये धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा डॉल आणि हिल या संशोधकांचा निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला होता, तरीही १९९४ मध्ये अमेरिकेच्या संसदीय समितीसमोर सात मोठ्या तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी निकोटिन व्यसन लावणारे आहे असे आपल्याला वाटत नाही, असे शपथेवर सांगितले. दोषाची वाटणी करायचीच असेल तर ती या लोकांपासून सुरू करावी.

ओढणाऱ्या सर्वांना हा आजार होत नाही आणि न ओढणाऱ्यांना होतो. टाटा मेमोरियलमधील रुग्णांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण कधीही न ओढलेले होते. यावरून तंबाखू निरुपद्रवी आहे असा अर्थ कोणी काढू नये. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे एकटे कारण तीच आहे.

आजार लपवण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ओढलेले आणि न ओढलेले अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांना आपल्यावर ठपका ठेवला जातो असे वाटत होते. त्यांच्यापैकी काहींनी आजार लपवला आणि मिळू शकणारा आधार गमावला. आपल्याकडे आणखी एक भर पडते. खोकला आणि रक्त दिसले की आधी क्षयाचे औषध सुरू होते, आणि लाजेपोटी बिडीचा उल्लेख टाळला गेला असेल तर योग्य तपासणीला आणखी उशीर होतो.

उलटतपासणी
डॉक्टर, मग तुम्ही लोकही पहिल्याच भेटीत ‘किती ओढता?’ असेच विचारता ना?

छातीतज्ज्ञ
विचारतो. रोज किती आणि किती वर्षे यांचा गुणाकार करून कागदावर मांडतो, कारण त्यावर निदानाचा अंदाज, भूल देण्यातली जोखीम आणि पुढच्या तपासण्या अवलंबून असतात. आम्हाला त्या उत्तराचे काहीतरी करायचे असते. काकांना त्याचे काय करायचे आहे, ते त्यांनी सांगावे. आमच्यातही काही जण आकडा ऐकून भुवया उंचावतात, हे मी नाकारत नाही. अशा डॉक्टरांना पुढच्या वेळी रुग्ण खोटे सांगतो.

संध्याकाळच्या बिडीविषयी: निदानानंतर सोडली तरी फायदा होतो आणि उपचारांचा त्रास सुसह्य होण्याची शक्यता वाढते, म्हणून त्यांना पकडू नका, पुढच्या भेटीत निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्यांविषयी विचारा. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. समोरची व्यक्ती समुपदेशक असते. ती रागावत नाही.

सोलापुरी शेंगा
बिडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या सोलापुरात हजारो बायका घरी बसून बिड्या वळतात. तंबाखूची धूळ त्यांच्याही छातीत जाते. कुंभारीला त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, पण मजुरीचे रडगाणे संपलेले नाही. बिडी बंद करा म्हणणाऱ्यांनी या बायकांना दुसरे काम काय देणार, तेही सांगावे.

उलटतपासणी
प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा. येथे रविवार तोंडावर आला आहे. वेलदोडा, तुम्ही काका आणि आत्यांविषयी लिहिले. घरातल्या माणसांचे काय? वडिलांशी या विषयावर रोज कोण बोलते?

वेलदोडा
तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. माझा भाऊ. खर्च तोच करतो. प्रत्येक बिल भरल्यावर ते घडी घालून बाबांच्या उशाजवळ ठेवतो आणि म्हणतो, ‘बंडल पाच रुपयांचे होते, नाही का?’ बाबा गप्प बसतात. काल ते मला म्हणाले की तिसरी फेरी नको, माझ्या बिड्यांसाठी पोराने का कर्ज काढावे. आत्या आणि काका एकदा येऊन जातील. हा प्रश्न घरात मुक्कामाला आहे.

सुधामती
मग रविवारचे उत्तर आत्यांसाठी नाहीच. भाऊ वडिलांवर रागावला आहे, की वडील जाणार म्हणून रागावला आहे, हे त्याला एकट्याला गाठून विचारा. बाबांसमोर मात्र विचारू नका. माझे यजमान पहिले काही आठवडे माझ्यावर ओरडत असत, आणि मी तर ओढतही नव्हते. तेव्हा ते डब्याला झाकण नीट न लावल्यावरून ओरडत.

सह्यकडा
बिल उशाशी ठेवणे मला पटलेले नाही. जबाबदारी असते असे मी अजूनही म्हणेन, पण मी जबाबदारीविषयी बोलत होतो. उपचार थांबावेत असे कोणी म्हटलेले नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्यांना आपण ‘किती वडे खायचे?’ असे विचारत नाही, हा मुद्दा कोणीतरी मांडेल म्हणून मीच मांडून ठेवतो. त्याला माझ्याकडे सध्या उत्तर नाही.

छातीतज्ज्ञ
दोन व्यवहार्य गोष्टी. पुढच्या भेटीला भावाला सोबत न्या आणि तिसऱ्या फेरीने काय साधेल, किती साधेल, हे डॉक्टरांना त्याच्या समोर आणि बाबांच्या समोर विचारा. चौथ्या टप्प्यावर उपचार न घेण्याचा निर्णयही रास्त असू शकतो, पण तो प्रकृती पाहून व्हावा. शिक्षा म्हणून किंवा बिलाच्या लाजेने होऊ नये. दुसरे असे की कर्जाचा उल्लेख वाचून आश्चर्य वाटले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात आणि रुग्णाने ओढले होते का, अशी अट तेथे नाही. रुग्णालय योजनेत असेल तर तेथे योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राचा कक्ष असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन उद्याच जावे.

वेलदोडा
रुग्णालय योजनेत आहे, पाटी पाहिलेली आहे. भावाने ‘आपल्याला कसली योजना’ म्हणून चौकशीच केली नव्हती. उद्या मी स्वतः शिधापत्रिका घेऊन जाते. भावाला सोमवारच्या भेटीला यायला सांगितले आहे. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. आत्यांना सुधामतींचे वाक्य सांगेन. छातीत पाणी झाल्याचे सांगणार नाही. बाबांनाच ते नको आहे, हे आईला आज कळले.

हिशेबी
पॉलिसीचे वर्ष कळले नाही. पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर २०२४ च्या नियमानुसार कंपनीला माहिती दडवल्याचे कारण सहसा देता येत नाही.

वेलदोडा
विमा नाही. हे दुसऱ्यांदा लिहीत आहे.