जाहिरातीत 'मार्केटिंग', प्रत्यक्षात दारोदार विक्री? अशा नोकऱ्यांची पारख कशी करावी

नवपदवीधर:

नमस्कार. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर मी नोकरीच्या शोधात आहे. 'मार्केटिंग व व्यवस्थापन प्रशिक्षणार्थी' या पदाची जाहिरात पाहून मी अर्ज केला आणि तासाभरातच मुलाखतीचा फोन आला. जाहिरातीत 'अनुभवाची आवश्यकता नाही', 'वर्षभरात व्यवस्थापकपदाची संधी', 'तरुण व उत्साही वातावरण' असे बरेच काही लिहिले होते. मात्र कंपनी काय विकते आणि कोणासाठी विकते, याचा उल्लेख कोठेही नव्हता. मुलाखत दहा-पंधरा मिनिटांत आटोपली आणि तीही इतर काही उमेदवारांबरोबर एकत्रच झाली. बहुतेक वेळ मुलाखत घेणारेच कंपनीच्या घोडदौडीविषयी बोलत होते. वेतनाविषयी विचारल्यावर 'आमच्याकडे उत्पन्नाला मर्यादा नाही' असे उत्तर मिळाले. सायंकाळी 'दुसऱ्या फेरीसाठी' माझी निवड झाल्याचे कळवण्यात आले. या फेरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर संपूर्ण दिवस 'फील्डवर' काढायचा आहे.

याच सुमारास ओळखीच्या एका व्यक्तीनेही 'स्वतःचा व्यवसाय' म्हणून एक प्रस्ताव मांडला आहे. त्यात आधी मालाचा संच विकत घ्यावा लागेल आणि नंतर आपल्या हाताखाली माणसे जोडत जावे लागेल. घरच्यांच्या मते दोन्ही प्रकार सारखेच आहेत आणि दोन्ही टाळावेत. मला सरसकट तसे म्हणवत नाही, पण शहानिशा कशी करावी हेही उमगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भरतीवाला:

मी बरीच वर्षे कर्मचारीभरतीचे काम करत आहे. जाहिरातीतील विशेषणांना मी फारसे महत्त्व देणार नाही, कारण ती चांगल्या कंपन्याही सर्रास वापरतात. मला खटकते ते हे, की मुलाखतीत आपल्याला जवळजवळ काहीच विचारले गेले नाही.

जी कंपनी ठरलेले वेतन देते, तिचा खर्च उमेदवार रुजू झाल्या दिवसापासून सुरू होतो. निवड चुकली तर काही महिन्यांचे वेतन आणि प्रशिक्षणाचा वेळ वाया जातो, म्हणून ती माणूस पारखून घेते, कागदपत्रे पाहते, कधी परीक्षाही घेते आणि या साऱ्यात उमेदवाराचा जीव मेटाकुटीला येतो. विक्री झाली तरच पैसे द्यायचे असतील, तर मात्र उमेदवार अपयशी ठरला तरी कंपनीच्या खिशाला फारशी झळ बसत नाही. मग मिळतील तेवढे लोक घ्यावेत, टिकतील ते टिकतील, असा हिशेब सोयीचा ठरतो. अशा ठिकाणची मुलाखत ही उमेदवाराची परीक्षा नसतेच. तेथे उमेदवाराला नोकरी विकली जात असते. तासाभरात आलेला फोन, एकत्र मुलाखत आणि त्याच दिवशी झालेली निवड यांचा उलगडा यातून होतो.

आता तपासणीविषयी. जाहिरातीतील एखादे लांब वाक्य जसेच्या तसे शोधयंत्रात टाकून पाहावे. तेच वाक्य वेगवेगळ्या नावांच्या आणि वेगवेगळ्या शहरांतील कंपन्यांच्या जाहिरातींत आढळले, तर एकाच जाळ्यातील अनेक कार्यालये एकच मजकूर वापरत आहेत असे समजावे. तीच जागा महिनोन्महिने पुन्हा पुन्हा जाहीर होत असेल, तर तेथे माणसे टिकत नसावीत. कंपनीची नोंदणी आणि तिच्या संकेतस्थळाचे नाव कधी घेतले गेले हे बहुतेक ठिकाणी सार्वजनिकरीत्या पाहता येते. नवी कंपनी असणे हा दोष नाही, परंतु अलीकडेच नोंदवलेली कंपनी 'अनेक वर्षांच्या नेतृत्वा'ची भाषा करत असेल तर ते जुळत नाही. ऑनलाइन अभिप्राय वाचताना सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट असे दोन्ही बाजूला ठेवावेत आणि मधल्या अभिप्रायांत कामाचे तास, प्रवासखर्च व मोबदल्याची पद्धत यांविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. खोटे अभिप्राय लिहिणारे अशा तपशिलांत सहसा शिरत नाहीत.

पायपीट:

मी स्वतः प्रत्यक्ष विक्रीच्या क्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे प्रथम या व्यवसायाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. कमिशनवर विक्री करणे हे प्रामाणिक काम आहे आणि त्यावर उत्तम कमाई करणारी माणसेही आहेत. काम केवळ कमिशनवर असेल तर तसे जाहिरातीतच लिहावे, एवढीच अपेक्षा असते. ते लपवून 'व्यवस्थापन', 'जनसंपर्क' किंवा 'ग्राहकसेवा' अशा नावाखाली माणसे बोलावली जातात, तेथून दिशाभूल सुरू होते.

या कार्यालयांची रचना समजून घ्यावी. एखादी मोठी कंपनी किंवा देणग्या गोळा करणारी संस्था ग्राहक मिळवून देण्याचे काम एका मध्यस्थ विपणन कंपनीला देते. ती मध्यस्थ कंपनी हे काम लहान लहान कार्यालयांना वाटते, आणि प्रत्येक कार्यालय कायदेशीरदृष्ट्या स्वतंत्र कंपनी असते. कार्यालयाचा चालक दारोदार किंवा दुकानांसमोर उभे राहणारे प्रतिनिधी नेमतो. प्रत्येक नोंदणीमागे येणारी रक्कम वरून खाली झिरपत येते आणि शेवटचा वाटा प्रतिनिधीच्या हाती पडतो. त्यामुळे मुलाखतीत ज्या प्रसिद्ध नावांचा उल्लेख होतो, त्या कंपन्या आपल्या मालक नसतात. त्या केवळ मध्यस्थाच्या ग्राहक असतात. 'आम्ही अमुक नामांकित कंपनीबरोबर काम करतो' हे वाक्य खरे असूनही उमेदवाराची समजूत चुकीची होते ती अशी.

'वर्षभरात व्यवस्थापक' या आश्वासनाचा अर्थही नीट विचारून घ्यावा. अनेक ठिकाणी व्यवस्थापक होणे म्हणजे आपल्या हाताखाली प्रतिनिधी गोळा करणे आणि पुढे स्वतःच्या नावाने नवे कार्यालय उघडणे. त्या कार्यालयाचे भाडे, जाहिराती आणि जबाबदाऱ्या नव्या चालकाच्या गळ्यात पडतात. ही पगारी बढती नसून धोका पत्करून केलेला धंदा असतो, आणि त्यासाठी सतत नवी माणसे लागत असल्यामुळे जाहिराती कधी थांबत नाहीत.

'दुसऱ्या फेरी'च्या दिवसाविषयी मी विशेष सावध करीन. त्या दिवसाचे पैसे मिळणार आहेत का, कोठे जायचे आहे आणि परत कधी यायचे आहे, हे आधी लेखी विचारावे. दिवसभर पायपीट करून, कार्यालयापासून दूर, दुसऱ्याच्या वाहनावर अवलंबून राहिल्यावर माणूस थकतो आणि सायंकाळी समोर आलेल्या कागदावर सही करणे त्याला सोपे वाटते. सकाळच्या सभेत संगीत, टाळ्या, घंटा वाजवून केलेले कौतुक हे सर्व पाहायला मिळेल. त्यात गैर काही नाही, मात्र त्या सभेचे, प्रवासाचे आणि सायंकाळी परत येऊन दिलेल्या अहवालाचे तास कोणी मोजत नाही. मोबदल्याचा विचार करताना हे सगळे तास धरूनच भागाकार करावा.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. ग्राहकाने ठरावीक मुदतीत करार रद्द केला किंवा हप्ता थकवला, तर दिलेले कमिशन परत कापून घेतले जाते. पहिल्या महिन्यातील कमाई तिसऱ्या महिन्यात वजा झालेली मी अनेकांच्या बाबतीत पाहिली आहे. ही कपात किती काळापर्यंत होऊ शकते, हा प्रश्न अवश्य विचारावा.

त्रैराशिक:

आपल्या दुसऱ्या प्रस्तावाविषयी लिहितो, कारण तो निराळा प्रकार आहे. पहिल्यात निदान पैसे बाहेरच्या ग्राहकाकडून येतात. दुसऱ्यात पैसे कोठून येतात, हाच मुख्य प्रश्न आहे.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगाने) १९७५ मध्ये कॉस्कॉट या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या प्रकरणात जी कसोटी मांडली, ती आजही उपयोगी पडते. सहभागी व्यक्ती पैसे भरते आणि त्याबदल्यात तिला माल विकण्याचा हक्क मिळतोच, शिवाय नवी माणसे आणल्याबद्दलही मोबदला मिळतो. आणि हा दुसरा मोबदला प्रत्यक्ष ग्राहकाला झालेल्या विक्रीशी संबंधित नसेल, तर ती पिरॅमिड योजना ठरते. १९७९ मध्ये याच आयोगाने अॅमवे ही घरगुती वस्तू विकणारी कंपनी पिरॅमिड योजना नसल्याचा निर्णय दिला. तेथे न विकलेला माल परत घेण्याची तरतूद होती, तसेच नवा माल मागवण्यापूर्वी आधीच्या मालापैकी ७० टक्के विकणे आणि दर महिन्याला दहा किरकोळ ग्राहकांना विक्री करणे असे नियम होते. अर्थात त्याच निर्णयात कंपनीला कमाईविषयीचे दिशाभूल करणारे दावे थांबवण्याचा आदेशही होता, ही गोष्ट हे उदाहरण देणारे अपलाइनवाले (साखळीत आपल्या वर असलेले लोक) सोयीस्करपणे गाळतात. पुढे २०१६ मध्ये पोषणपूरके विकणाऱ्या हर्बालाइफने आयोगाशी झालेल्या तडजोडीत २० कोटी डॉलर देण्याचे आणि मोबदल्याची पद्धत बदलण्याचे मान्य केले. मोबदला पडताळता येणाऱ्या विक्रीवर आधारित असावा, हा त्या बदलाचा गाभा होता.

आता साधे गणित. प्रत्येकाने फक्त सहा जण जोडायचे ठरवले, तर तेराव्या पातळीवर १३०६ कोटी माणसे लागतील, आणि पृथ्वीची लोकसंख्या ८०० कोटींच्या आसपास आहे. याहून महत्त्वाचा भाग असा, की अशी साखळी कोणत्याही पातळीवर थांबली तरी तिच्यातील सुमारे ८३ टक्के लोक शेवटच्या पातळीवर असतात आणि त्यांच्या हाताखाली कोणीही नसते. ते आळशी किंवा अकुशल असल्यामुळे तेथे नसतात. रचनाच तशी असते. म्हणून 'मेहनत केली तर तुम्हीही वर जाल' हे एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत खरे ठरले, तरी सर्वांच्या बाबतीत ते खरे ठरणे शक्य नाही.

२०२४ मध्ये याच आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी बहुस्तरीय विपणन करणाऱ्या (म्हणजे माणसे जोडत साखळीने माल विकणाऱ्या) कंपन्यांची कमाईविषयीची ७० जाहीर निवेदने तपासली. काहीच न कमावणारे सहभागी अनेक निवेदनांत हिशेबातून वगळलेले होते आणि बहुतेकांत सहभागींचा खर्च धरलेलाच नव्हता. ओळखीच्या व्यक्तीने कमाईचा तक्ता दाखवला, तर या दोन गोष्टी त्यात आहेत का, ते पाहावे.

सकारात्मक:

वरील सर्व प्रतिसाद एकांगी वाटतात. मी अशाच एका कार्यालयात काही काळ होतो. अनोळखी माणसाशी बोलणे, नकार पचवणे आणि वेळेवर उठणे मी तेथेच शिकलो. आज मी पगारी विक्री विभागात आहे आणि तो अनुभव मला उपयोगी पडतो. पदवीधरांना कोणी दारात उभे करत नसताना ही कार्यालये किमान संधी तरी देतात.

पायपीट:

@सकारात्मक, आपण शिकलात हे मान्य आहे. मीही तसाच शिकलो. पण शिकण्याची किंमत काय पडेल, हे रुजू होण्यापूर्वी उमेदवाराला कळले पाहिजे. ज्याच्याकडे काही महिने बिनपगारी काढण्याइतकी बचत आहे आणि ज्याला विक्रीच करायची आहे, त्याने सर्व माहिती घेऊन हे काम जरूर करावे. ज्याला पुढील महिन्याचे भाडे भरायचे आहे, त्याला 'उत्पन्नाला मर्यादा नाही' असे सांगताना ते शून्यही असू शकते हे न सांगणे मला पटत नाही.

नवपदवीधर:

सर्वांचे आभार. आपण सुचवल्याप्रमाणे मी कंपनीला ईमेलने विचारले: ठरलेले वेतन किती, नेमणूक कर्मचारी म्हणून की स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, कोणाचे उत्पादन विकायचे, प्रवासखर्च कोणाचा आणि कमिशन परत कापण्याची मुदत किती. लेखी उत्तर आले नाही. फोन मात्र लगेच आला आणि 'हे सर्व दुसऱ्या फेरीत समजावून सांगू, एवढे प्रश्न विचारणारे उमेदवार आमच्या संस्कृतीत बसत नाहीत' असे सांगण्यात आले. जाहिरातीतील एक वाक्य शोधल्यावर ते आणखी तीन कंपन्यांच्या नावे सापडले. मी दुसऱ्या फेरीला जाणार नाही. ओळखीच्या व्यक्तीला न विकलेला माल परत घेतला जाईल का, असे विचारले आहे. 'विकला जाईलच, परत करण्याची वेळच येणार नाही' एवढेच उत्तर मिळाले. एक शंका उरते: पहिल्या कंपनीने अर्जाच्या वेळी माझ्या ओळखपत्राची प्रत आणि बँक खात्याचा तपशील घेतला आहे. त्याचे काय करावे?

भरतीवाला:

त्या फोनमुळे आपल्याला हवे होते ते उत्तर मिळाले, असे मी समजेन. खरा नियोक्ता वेतनाच्या प्रश्नाने दुखावत नाही.

कागदपत्रांविषयी: अर्ज मागे घेत असल्याचे आणि आपली कागदपत्रे व वैयक्तिक माहिती नष्ट करावी, असे दोन ओळींचे ईमेल पाठवून त्याची प्रत जपून ठेवावी. केवळ खाते क्रमांकावरून सहसा कोणी पैसे काढू शकत नाही, परंतु ओळखपत्राची प्रत सोबत असल्यामुळे काही महिने खात्यातील व्यवहारांवर लक्ष ठेवावे आणि आलेला कोणताही सांकेतिक क्रमांक (ओटीपी) फोनवर सांगू नये. यापुढे ओळखपत्राची प्रत द्यावी लागली, तर तिच्यावर कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते आडवे लिहूनच द्यावी. बँकेचा तपशील तर नेमणूकपत्र हाती आल्यानंतरच द्यायचा असतो.

आपण कर्मचारी की कंत्राटदार हे विचारलेत, ते उत्तम केलेत. कागदावर 'स्वतंत्र कंत्राटदार' लिहून प्रत्यक्षात हजेरीची वेळ, पोशाख, फिरण्याचा भाग आणि सुट्टी हे सर्व कार्यालयच ठरवत असेल, तर त्या दोन गोष्टी एकमेकींशी विसंगत आहेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांच्या खटल्यात करारातील शब्दांपेक्षा प्रत्यक्ष नियंत्रणाला महत्त्व दिले होते. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्यामुळे त्या निकालावर विसंबून सही करू नये. मात्र करार वाचताना हा मुद्दा जरूर पाहावा. आणि जाहिरात ज्या संकेतस्थळावर होती, तेथे 'कामाचे स्वरूप चुकीचे दर्शवले आहे' अशी तक्रार नोंदवता येते. त्या तीन कंपन्यांच्या जाहिरातींचे दुवेही सोबत जोडावेत, म्हणजे तपासणाऱ्यांना एकच मजकूर समोरासमोर ठेवून पाहता येईल.