थर्ड पार्टी : तृतीय पक्ष, त्रयस्थ की तिऱ्हाईत?

प्रश्न :
माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. टेबलाभोवती बसायचं, एकीने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी पात्रं घ्यायची आणि वीस बाजूंचा फासा टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. नव्याने येणाऱ्या मुलींसाठी मी मराठीत चार पानांची ओळख लिहिते आहे. एका वाक्यावर अडले आहे. खेळाचे प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट. त्यांच्या डी अँड डी बियॉन्ड या संकेतस्थळावर आता दुसऱ्या प्रकाशकांची थर्ड पार्टी अॅडव्हेंचर्सही (खेळण्यासाठी लिहिलेली पुस्तकं) मिळतात. मी लिहिलं, ‘तृतीय पक्षाची साहसे आता अधिकृत डिजिटल व्यासपीठावर उपलब्ध.’ भाचीने वाचलं आणि म्हणाली, “मावशी, हे कोर्टाच्या नोटिशीसारखं वाटतंय.” तिचं खरं आहे. काय लिहावं?

प्रतिसाद :
तृतीय पक्ष हा विम्याचा शब्द आहे. तिथे गाडीमालक पहिला, विमा कंपनी दुसरी आणि ज्याला धडक बसली तो तिसरा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे, म्हणून शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो, पण सोबत नुकसानभरपाईचा वास घेऊन येतो. ‘त्रयस्थ प्रकाशक’ लिहा. मराठीत मुरलेला शब्द आहे.

प्रतिसाद :
त्रयस्थ मुरलेला आहे हे मान्य, पण इथे तो अर्थच बदलतो. भावाभावांच्या भांडणात आपण त्रयस्थाला बोलावतो, कारण त्याचा कुणाकडे ओढा नसतो. अलिप्तपणा हा त्या शब्दाचा गाभा. हे प्रकाशक अलिप्त कुठे आहेत? ते त्याच खेळात आकंठ बुडालेले लोक आहेत.

तिऱ्हाईत हा शब्द मला फार आवडतो, पण त्यात परकेपणा आहे. ‘घरात तिऱ्हाईतासारखा वागतोस’ ही आईची तक्रार असते. पुस्तकाला तो शब्द लावला की वाचक ते हातात घेण्याआधीच दोन पावलं मागे सरतो.

मुळात थर्ड पार्टी हा पुस्तकाचा गुण नव्हे, ते नातं आहे. खेळाचा मालक एक, खेळणारे दुसरे, आणि या दोघांत न बसणारा तो तिसरा. कोबोल्ड प्रेस या प्रकाशनसंस्थेचं उदाहरण घ्या. २०१४ साली विझर्ड्सनी आपलं एक मोठं साहस त्यांच्याकडून लिहून घेतलं, ते अधिकृत. याच मंडळींनी राक्षस-श्वापदांचा ‘टोम ऑफ बीस्ट्स’ हा जाडजूड ग्रंथ स्वतःच्या नावावर काढला, तो थर्ड पार्टी. माणसं तीच, मेहनत तीच, फक्त छापणारा बदलला. म्हणून साधं ‘बाहेरचे प्रकाशक’ किंवा ‘इतर प्रकाशक’ लिहा. काही हरवत नाही.

माझी खरी कळकळ मात्र पुढच्या शब्दाबद्दल आहे. अशा पुस्तकांना कित्येक जण बोलताना सर्रास ‘अनधिकृत’ म्हणतात. इंग्रजीत ऑफिशियल आणि ऑथोराइज्ड हे दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे दोन्हींची जबाबदारी एकट्या ‘अधिकृत’वर पडते. त्यामुळे ‘अधिकृत नाही’ म्हणायला जावं तर तोंडात ‘अनधिकृत’ येतं, आणि ते म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते अनधिकृत बांधकाम आणि पाठोपाठ पालिकेचा हातोडा. या पुस्तकांनी कुठलाच कायदा मोडलेला नाही. २००० साली विझर्ड्सनीच खुला परवाना काढला आणि मूळ नियमांवर कुणीही पुस्तक रचून विकावं अशी मुभा दिली. जानेवारी २०२३मध्ये तो परवाना आवळण्याचा मसुदा बाहेर फुटला, खेळाडू खवळले, आणि त्याच महिन्यात कंपनीला मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली मोकळा करावा लागला. इतक्या उघडपणे मिळालेल्या हक्काला अनधिकृत म्हणणं हा त्या लेखकांवर अन्याय आहे.

बियॉन्डवर येणं ही निराळी पायरी. ती जागा विझर्ड्सच्या मालकीची आहे (२०२२मध्ये विझर्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रो हिने ती विकत घेतली), तिथे करार करूनच शिरता येतं. म्हणजे जागा अधिकृत, पुस्तक बाहेरचंच. ‘अधिकृत’ हे विशेषण जागेला चिकटलेलं राहील असं वाक्य रचा. ‘अधिकृत साहसं’ असं चुकूनही होऊ देऊ नका.

प्रतिसाद :
व्यासपीठही काढा. व्यासपीठावर वक्ता बसतो आणि बाकीचे समोर. ‘संकेतस्थळ’ पुरे, किंवा सरळ प्लॅटफॉर्म.

आता साहस. ‘नसतं साहस करू नकोस’ म्हणताना आपल्याला कृती अभिप्रेत असते. इथे अॅडव्हेंचर ही लिहिलेली वस्तू आहे. माझ्यासमोर ‘डन्जन्स ऑफ ड्रॅकेनहाइम’ आहे. उल्का पडून उद्ध्वस्त झालेलं एक शहर, त्याचे नकाशे, तिथे एकमेकांवर टपलेले गट, कुठे काय दडलंय याच्या नोंदी. सगळं आहे, फक्त पात्रं काय करतील ते नाही. ते टेबलावर ठरतं. म्हणून याला साहसकथा म्हणवत नाही, कथेला शेवट ठरलेला असतो. मी ‘संहिता’ म्हणतो. नाटकाची संहिता जशी तालमीआधी हातात येते तशी ही, फक्त नटांचे संवाद कोरे.

महिनोन्महिने चालणाऱ्या कॅम्पेनला ‘मोहीम’ इतका नेमका शब्द सापडणार नाही. आणि मोहिमेतल्या एकेका टप्प्याला ‘कामगिरी’. गावच्या पाटलाने बोलावलं, विहिरीतल्या भुताचा बंदोबस्त करायची कामगिरी सोपवली. मुलींना हे लगेच कळेल.

मूळ प्रश्नकर्ती :
असं केलं : ‘विझर्ड्सच्या स्वतःच्या संहितांसोबत आता बाहेरच्या प्रकाशकांच्या संहिताही डी अँड डी बियॉन्ड या त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात.’ भाचीने मान डोलावली. पण तिने विचारलं की संकेतस्थळावरच ‘पार्टनर्ड’ असा शब्द आहे, मग भागीदार का नको? आणि होमब्रूला, म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतःच रचलेल्या गोष्टींना, काय म्हणायचं?

प्रतिसाद :
भागीदार म्हटलं की नफ्यातोट्यात वाटा आला, दुकानाच्या पाटीवरचा ‘आणि मंडळी’ आला. ‘सहयोगी प्रकाशक’ चालेल, पण फक्त बियॉन्डवर आलेल्यांसाठी. जे अजून आलेले नाहीत ते नुसते बाहेरचे. हा फरक मुलींना सांगाच, कारण बाहेरचं पुस्तक छापील घेतलं तर त्यातले राक्षस बियॉन्डच्या यादीत आपोआप येत नाहीत. तिथे वेगळं विकत घ्यावं लागतं.

होमब्रूला ‘घरचं’. ‘हा राक्षस पुस्तकातला की घरचा?’ असं टेबलावर सहज विचारता येतं. ‘स्वरचित’ म्हटलं की कविसंमेलन सुरू होतं.