प्रति: हिंदीचे आकडे दोन याद्यांत वेगळे का?

हिंदीची मातृभाषकसंख्या एका जागतिक यादीत ३४-३५ कोटी आणि आपल्या जनगणनेत ५२ कोटींवर कशी, असं वर विचारलंय. चूक कुणाचीच नाही, मोजायची रीत वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषांची १९,५०० हून जास्त नावं सांगितली. ती छाननी करून शेवटी १२१ भाषांत बसवली. हिंदीखाली भोजपुरी (५ कोटींवर), राजस्थानी, छत्तीसगढी, मगही असं बरंच काही येतं. एथ्नोलॉग, म्हणजे ती जागतिक भाषांची यादी, भोजपुरी, मगही वेगळ्या धरते, म्हणून तिथे हिंदी मँडरिन, स्पॅनिश, इंग्रजीच्या मागे दिसते.

आम्हा नागपूरकरांना हे लांबचं वाटत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडची पोवारी घ्या. घरात पोवारी, शाळेत मराठी, आणि जनगणनेत तिची गणती हिंदीत! तीन लाखांवर लोकांनी आवर्जून 'पोवारी' लिहिलं, तरी कोष्टकात ती हिंदीच्या पोटातच राहते. मला हे मनापासून खटकतं. गोंडीचं तसं नाही, ती स्वतंत्र मोजली जाते, सुमारे ३० लाख. तरी राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत, तिला जागा नाही, आणि त्याहून कितीतरी कमी भाषकांच्या, आसामातल्या बोडोला २००३ च्या घटनादुरुस्तीने मिळाली.

मराठी ८.३ कोटींसह देशात तिसरी, याचा आनंद आहेच. पण पुढच्या जनगणनेत प्रगणक दारात आला की घरात जी बोलता तीच भाषा सांगा. पोवारी, हलबी, गोंडी बोलणाऱ्यांनी तर नक्कीच, आणि त्याने काय लिहिलं तेही बघून घ्या.