मदत हवी आहे: पतसंस्थेच्या ॲपचा ओटीपी येत नाही (अर्जंट)

ऐरोली_सेक्टर८
बाबांच्या पतसंस्थेचं ॲप ओटीपी मागतंय आणि ओटीपी काही येत नाही. मुदत ठेव संपून पैसे बचत खात्यात जमा झालेत, पण बाहेर काढता येईनात. सोमवारी भावाच्या फीची शेवटची तारीख. शाखा नौपाड्यात, शनिवारी बंद. ॲप काढून परत टाकलं, फोन बंद-चालू करून झाला, ते सांगू नका. पटकन कोणीतरी सांगा.

कळव्याची_मावशी
कोणती पतसंस्था? अँड्रॉइड की आयफोन? बाकीचे मेसेज येतात का?

नाना_खोपट
पतसंस्थेत ठेव ठेवायचीच कशाला? बँकेत पाच लाखांपर्यंत विमा असतो, २०२० पासून. आधी एक लाख होता. पतसंस्थेला तो नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येत नाही, सहकार खात्याच्या उपनिबंधकांचे उंबरठे झिजवा.

ऐरोली_सेक्टर८
नाना, विमा नकोय, ओटीपी हवाय. पगारदारांची संस्था आहे, नाव नाही सांगत. अँड्रॉइड. कॉल येतात. मेसेज आत्ता बघितले, आज एकही नाही.

कोपरी_टेक
डीएलटी, म्हणजे संस्थांच्या मेसेजची नोंदणी! दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाने मेसेजचा मजकूर आधी नोंदवावा लागतो. संस्थेने मजकूर बदलला आणि नोंदवायला विसरली की मोबाईल कंपनी मेसेज वाटेतच अडवते. छोट्या संस्थांचं नेहमीचं रडगाणं. त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्याला गाठा.

कळव्याची_मावशी
कोपरी, अहो त्यांना कोणाचाच मेसेज येत नाहीये, यात तुमची डीएलटी कुठून आली? ऐरोली, सिम बदललंत का?

ऐरोली_सेक्टर८
हो, काल संध्याकाळी. जुनं चालेना म्हणून. पण नंबर तोच आहे, त्याचा काय संबंध?

कळव्याची_मावशी
तोच तर संबंध! सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस येणं-जाणं दोन्ही बंद ठेवतात. दूरसंचार खात्याचा २०२२ चा आदेश आहे. दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढून कोणी खातं साफ करू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत कळ काढा.

सानपाडा_लोकल
यूपीआयने भरा ना सरळ.

कोपरी_टेक
यूपीआय ॲपच्या यादीत बहुतेक पतसंस्था नसतातच.

ऐरोली_सेक्टर८
संध्याकाळपर्यंत कोण थांबणार? मघाशी संस्थेतून एकाचा फोन आला होता. व्हॉट्सॲपवर नव्या ॲपची फाईल पाठवलीय, त्याला ओटीपी लागत नाही म्हणे. टाकू का?

कोपरी_टेक
अजिबात नाही!! एपीके असणार ती, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाईल. टाकताना मेसेज वाचायची परवानगी मागेल, मग तुमचा ओटीपी तुमच्याआधी तो वाचेल. आणि शाखा बंद, मग फोन केला कोणी?

नाना_खोपट
आमच्या संस्थेचा क्लार्क ग्रुपवर अशीच फाईल टाकतो. सगळेच काही चोर नसतात.

कोपरी_टेक
मग नाना, वार्षिक सभेत जाब विचारा त्यांना. सभासदांना नको ती सवय लावतायत.

सानपाडा_लोकल
वेबसाइटच्या शेवटी डॉट बँक डॉट इन आहे का बघा, म्हणजे खरी.

कोपरी_टेक
ते फक्त बँकांना मिळतं. पतसंस्थेला नाही.

कळव्याची_मावशी
ऐरोली, पासबुकावरच्या नंबरवर फोन करा, आलेल्या नंबरवर नको. आणि फाईल टाकून झाली असेल तर आधी इंटरनेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

ऐरोली_सेक्टर८
टाकली नाही. पासबुकावर सचिवांचा मोबाईल सापडला. ते म्हणाले, आज संस्थेतून कोणीच फोन केलेला नाही. त्या माणसाने बाबांचा सभासद क्रमांक बरोबर सांगितला होता हो!

नाना_खोपट
वार्षिक अहवालासोबत सभासदांची यादी छापून वाटतात काही संस्था. बघा जरा.

ऐरोली_सेक्टर८
साडेसातला मेसेज धडाधड आले, लॉगिन झालं. आता कॉलेजचं खातं जोडलंय तर ॲप म्हणतं, नवीन खात्यावर २४ तासांनी पैसे पाठवा. रविवारी एनईएफटी चालतं का?

सानपाडा_लोकल
डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, सुट्टीलाही.

कोपरी_टेक
बँकांमध्ये चालतं. तुमची संस्था कुठल्या तरी बँकेमार्फत पाठवत असणार, ती रविवारी पाठवते का ते सचिवांनाच विचारा. नाहीतर सोमवारी शाखा उघडताच नौपाड्यात हजर व्हा.