गुलमर्गचा इग्लू कॅफे, आईला घेऊन एका दिवसात होईल का? मदत हवी आहे

नाशिकहून आम्ही पाच जण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात श्रीनगरला जातोय, मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि माझे आईबाबा. मुक्काम श्रीनगरलाच, गुलमर्ग फक्त एक दिवस. गोंडोला (तिथला रोपवे) करायचाच नाहीये, तिकिटं काढू नका सांगितलंय. आईला बघायचाय तो बर्फाचा इग्लू कॅफे, २०२२ मध्ये ३७.५ फूट उंच बांधला होता तसा, आत बर्फाचीच टेबलं आणि त्यावर वाफाळता चहा, तो व्हिडिओ तिने एवढ्यांदा पाहिलाय की मला तो दाखवायचाच आहे तिला.

अडचण आईच्या गुडघ्याची. वणीच्या गडावरही ट्रॉलीनेच जातो आम्ही, सपाटीवर दहा मिनिटं चालते, मग बसावं लागतं. घोड्यावर बसणार नाही. थंडीचे कपडे आहेत, बूट गुलमर्गच्या वाटेवर टंगमर्गला भाड्याने घेऊ. बर्फ जास्त असला तर तिथून चेन लावलेली गाडी करावी लागते हेही माहितीये.

दोन टूरवाल्यांना फोन केला, एक म्हणतो यंदा बांधलाय, दुसरा म्हणतो बर्फच कमी. व्हिडिओ सगळे जुने.

म्हणून गेल्या पंधरा दिवसांत कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा, इग्लू खरंच उभा आहे का, आणि गाडी सोडते तिथून दारापर्यंत किती चालायचं, वाटेत चढ किंवा बर्फाच्या पायऱ्या आहेत का?